दत्तजयंतीला आलेला नाताळ

ये मीनल, अशी जवळ येऊन बस. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे मंगरूळपीरला, हे मला कळतं बाई. पण वाचता वाचता जवळ बसता येतं माणसाला. आणि आधी मला रागावून घेऊ दे, लाड मागून. परवा फोन केलास आणि म्हणालीस, "रुथआजी, तुमच्या लहानपणी नाताळात असायचं तरी काय? केक नाही, झाड नाही, लाइटिंग नाही. मग दिवसभर करायचात काय?" बरं, विचारलंस ते विचारलंस. मी "अगं" म्हणेपर्यंत "चल आजी, मीटिंग आहे" म्हणून फोन ठेवूनही दिलास. प्रश्न दारात टाकायचा आणि उत्तर यायच्या आत पळायचं, ही कुठली रीत? तुझ्या सख्ख्या आजीनं, म्हणजे माझ्या अक्कानं, तुला हे शिकवलं नाही. ती तर कोणी विचारलं नाही तरी सांगत बसायची.

तेव्हा आता निवांत ऐक. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं सगळं देवाच्या पुस्तकातून आणि किराण्याच्या पुड्या बांधलेल्या कागदांवरून शिकले. त्यामुळे लिहिताना गाडी रस्ता सोडून कुणाच्या शेतात शिरली तर सांभाळून घे.

यंदा थंडी लवकर पडली. सकाळी दार उघडलं की समोरच्या घराचं कौल आधी दिसत नाही, त्यांचा तारा दिसतो. विजेचा आहे, लाल. रात्रभर लुकलुकतो आणि सकाळी बंद करायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. मला आवडतो हो तो. म्हातारी माणसं म्हणतात आमच्या वेळचं तेच खरं. मी तसं म्हणणार नाही. पण तो लुकलुकला की मला बाबांच्या शिलाई मशीनचा आवाज ऐकू येतो. ताऱ्याचा आणि मशीनचा काय संबंध म्हणशील, तर आहे.

बाबा शिंपीकाम करायचे. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक ओटा, एक मशीन आणि बाबा. मागे आमचं घर. नाताळ जवळ आला हे आम्हाला कॅलेंडर सांगत नसे, मशीन सांगे. एरवी ते टकटक, टकटक असं थांबत थांबत चालायचं. डिसेंबर लागला की सकाळपासून नुसती झड लागल्यासारखं. गावात आमची ख्रिस्ती घरं मोजकी, पण त्यांचे नवे सदरे आणि पोलकी, शिवाय थंडीचे कोट शिवायला आलेले बाजारातले लोक, सगळ्यांची घाई एकाच वेळेला. आणि शिंप्याच्या पोरींचे कपडे सगळ्यात शेवटी. आम्ही रुसलो की बाबांचं ठरलेलं उत्तर असे, "घरचं गिऱ्हाईक पळून जात नाही."

आमचा तारा बाबाच करायचे. बांबूच्या कमट्यांचा सांगाडा, आणि त्यावर कागद नाही, कापड! वर्षभर उरलेल्या कतरणी, पातळ बघून ठेवलेल्या, कणकेच्या खळीनं चिकटवायच्या. आत तेलाचा दिवा ठेवला की एकेक तुकडा उजळायचा आणि आम्ही दोघी बहिणी खाली उभ्या राहून ओळखायचो. तो पिवळा पाटलांच्या मुंडाशाचा, तो हिरवा शेजारच्या चाचीच्या ओढणीचा, तो जांभळा वकिलाच्या बायकोचा. सगळं गाव आमच्या ताऱ्यात टांगलेलं असे. तुमच्या विजेच्या ताऱ्यात गाव मावेल का, सांग बरं!

आणि तुमच्या त्या शुभेच्छांच्या कार्डांवर बर्फ पडलेला असतो ना, तो आम्हालाही पडायचा. शेजारी चाचा-चाची राहायचे. चाचा पिंजारी. कापसाचा हंगाम भरात, गाद्या-रजयांचं काम भरात. त्यांच्या पिंजणाची तार तुंई, तुंई करत राही आणि कापसाची पांढरी पिसं भिंतीवरून आमच्या अंगणात येत. आईच्या केसांत, वाळत घातलेल्या रव्यात, माझ्या नाकात. शिंकत शिंकत मी म्हणायची, "नाताळ आला." बर्फ मी अजून पाहिला नाही, आणि आता पाहायची हौसही नाही. तो अंगाला गार लागतो म्हणतात. आमचा उबदार होता.

चाची म्हणजे एक प्रकरणच होतं. भिंतीच्या त्या बाजूला पालथ्या पाटीवर उभी राहून ती आमच्या घरात बोलायची. दिसायचं फक्त तोंड, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आमच्या घरात काय तळलं जातंय हे आमच्याआधी तिला कळायचं. आईला ती भाभी म्हणे, आणि ईदेच्या शेवया पहिल्यांदा आमच्याकडे येत, मग तिच्या दिराकडे. यावरून तिची जाऊ कायमची नाराज.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ज्या वर्षाचं सांगते आहे, त्या वर्षी अक्काचं नुकतंच लग्न झालं होतं. तिला दिलं होतं मानोऱ्याकडच्या एका खेड्यात. तुझ्या आजोबांचं घर त्या गावातलं एकुलतं एक ख्रिस्ती घर. सासरे थोड्याच वर्षांपूर्वी प्रभूकडे वळले आणि लवकरच वारले. मागे राहिल्या तुझ्या पणजी, म्हणजे आमच्या इहीणबाई. शेत त्याच बघायच्या, बैल त्याच विकत घ्यायच्या, आणि मुलाला दिवसात जे बोलायचं असेल तेही बहुधा त्याच बोलून टाकायच्या, म्हणून भाऊजी, म्हणजे तुझे आजोबा, असे मुके झाले होते. उंच, लांब हातांचे, लाजाळू. लग्नात त्यांचा आवाज मी एकदाच ऐकला, पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा, आणि तोही पाळकसाहेबांना दोनदा विचारावं लागलं.

हे लग्न ठरलं होतं आदल्या नाताळाला, आमच्याच अंगणात. इहीणबाई मुलगी बघायला आल्या होत्या. त्या वर्षी नाताळ आणि दत्तजयंती नेमके लागून आले होते. पूर्ण चंद्र, अंगणात चांदणं सांडलेलं, एका बाजूनं बाजारातला दत्ताचा गजर आणि दुसऱ्या बाजूनं आमचं भजन. इहीणबाईंना ते इतकं आवडलं की कानोल्यांचं ताट मांडीवर घेऊन त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय. हुंडा नको. हे कानोले बांधून द्या." कानोले म्हणजे तुमच्या करंज्या गं.

पहिला नाताळ लेकीचा माहेरी व्हायचा, ही आमच्यातली रीत. शेजारपाजारी दिवाळसण करतात तसा आमचा नाताळसण. बाबांनी बाजाराला आलेल्या एका गाडीवानाजवळ निरोप दिला, "इहीनबाईले सांगजा, नाताळले लेकीजवायाले पाठवा." तारीख सांगितली नाही. कशाला सांगतील? नाताळ कधी असतो हे काय सांगायचं असतं? सूर्य कुठं उगवतो हे कोणी कळवतं का?

दत्तजयंतीचा दिवस. खरा नाताळ अजून दहा-बारा दिवस लांब. दिवस मावळत होता. बाबांच्या एका गिऱ्हाइकानं सुंठवडा दिला होता, तो मी तळहातावरून चाटत बसले होते. घराची अवस्था विचारू नकोस. आईनं भिंती खरवडून ठेवल्या होत्या, चुना बादलीत भिजत होता, डबे-डुबे सगळे अंगणात, गोधड्या दोरीवर, आणि आई स्वतः बाबांचा जुना सदरा घालून, हातात कुंचा घेऊन उभी. तेवढ्यात बैलांचे घुंगरू. गाडी दारात थांबली आणि अक्का उतरली.

नवं लुगडं, डोक्यावर पदर, हातात टोपली. उतरल्या उतरल्या तिनं पहिल्यांदा वर पाहिलं, तारा टांगायच्या खुंटीकडे. खुंटी रिकामी. मग खरवडलेल्या भिंतीकडे पाहिलं. मग आईकडे.

आईचा चेहरा चुन्यासारखा झाला. लेक न कळवता दारात उभी राहिली की आईच्या मनात नाही नाही ते येतं. "अवं माय, तू कशी काय आली? बरी हायेस ना? काही झालं का?"

"नाताळले आली ना मी," अक्का म्हणाली, अगदी बारीक आवाजात.

मागून भाऊजी बैलांचे कासरे धरून म्हणाले, "माय म्हने आज नाताळ हाय."

"आज?" बाबांच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली.

"दत्तजयंतीलेच असते म्हने. मागच्या साली होता ना," अक्कानंच उत्तर दिलं.

बैलांनी तेवढ्या माना हलवल्या. मग भिंतीवर चाचीचं तोंड उगवलं. तिनं सगळं ऐकलं होतंच. "अरे वा भाभी! हमारी ईद चाँद देखके आती, अब तुम्हारी भी आने लगी क्या?"

जावयासमोर हसायचं नाही, ही सासऱ्याची रीत. बाबा "पानी आनतो" म्हणून आत गेले. मी मागोमाग गेले तर माठाजवळ उभे, तोंडात उपरण्याचा बोळा, आणि खांदे नुसते गदगदा हलताहेत.

पण हसू लवकरच आटलं. पाय धुऊन झाल्यावर भाऊजींनी खाली मान घालून दुसरं वाक्य सांगितलं. "परवा निघा लागते, कापूस फुटून राह्यला, मायनं सांगतलं, सन झाला का एक दिस राहजो, मंग गाडी जुंपजो."

आईला सगळं लख्ख दिसलं. सण झाला असं समजून लेक परत जाणार, आणि खऱ्या नाताळाच्या दिवशी त्या एकट्या घराच्या गावात, जिथं ना भजन ना घंटा, तिची पोर कमरेला ओटी बांधून कापूस वेचत असणार. पहिला नाताळ! आणि चूक कुणाची, तर इहीणबाईंची. मुलीकडच्या माणसानं इहीणीला "तुमची चूक झाली" म्हणायचं, हे आमच्या भागात कोणी ऐकलं होतं का? जावयानं आईला सांगायचं म्हणावं, तर जावई आपले दिवसाला दोन वाक्यांचे धनी, आणि त्या दिवसाची दोन्ही संपलेली.

मग आईनं कुंचा बादलीत टाकला. बाबांचा सदरा अंगावरून काढला, पदर खोचला. "जवाई दारात उभे अन् आपुन तारखा मोजून राह्यलो. उद्या नाताळ."

"अवं, पाळकसाहेब काय म्हनतीन?" बाबा.

"त्यायले जेवाले बलवा. मंग काही नाही म्हनत."

पाळकसाहेब म्हातारे होते, गोल होते आणि थंडीला फार भ्यायचे. मफलरमधून फक्त नाक बाहेर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाले, "प्रभूचा जन्म कोनत्या तारखेले झाला, हे शास्त्रात काही लिहिलं नाही बाई. तवा तुमी उद्या करा. पन घंटा मी पंचवीसलेच वाजवीन." आमची घंटा म्हणजे देवळापुढच्या कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. आम्ही देऊळच म्हणायचो. चर्च हा शब्द साहेब लोकांचा.

मीनल, तो दुसरा दिवस मला आजही हाताला लागतो. अर्धी भिंत पांढरी आणि अर्धी खरवडलेली, कारण आई म्हणाली, जिथं जवाई बसतीन तेवढी तरी पांढरी करा. चाचीनं चाचांना दम देऊन कुणाची तरी ऑर्डरची रजई जावयासाठी आणली, वर त्या गिऱ्हाइकाबद्दल म्हणाली, "उसकू बोलो, दो दिन ठंड में सो." ती स्वतः कातण घेऊन कानोल्यांच्या कडा कापायला बसली. आई लाटायची, अक्का भरायची, चाची कापायची, मी तळलेले मोजायच्या नावाखाली खायची. खोबरं, खसखस, साखर, आणि तळणीचा तो वास, जो केसांत बसतो आणि दोन दिवस निघत नाही. तुरीच्या शेंगांचं पातेलं चुलीच्या कडेला उकडत होतं. बाहेर ओट्यावर बाबा भाऊजींचं कोटाचं माप घेत होते. एवढं माप त्यांनी आयुष्यात कुणाचं घेतलं नसेल. खांदा मोजला, हात मोजला, परत खांदा. भाऊजी हात पसरून शेतातल्या बुजगावण्यासारखे उभे. मग हळूच म्हणाले, "मामाजी, हात खाली करू?" बाबा म्हणाले, "करा ना जवाईबापू, मी तर कवाचं माप लिहून मोकळा झालो."

कोट संध्याकाळपर्यंत झाला. बटणं मात्र लागली नव्हती, टाचण्यांवर भागवलं. ताऱ्याच्या तीन टोकांना कापड चिकटलं, दोन उघडीच राहिली, आणि तिथून दिवा डोळा मिचकावल्यासारखा दिसे. चंद्र वर आला. आम्ही अंगणात ढोलकी घेऊन बसलो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, जेवले आणि "हा नाताळ नव्हे हं, ही तयारी" असं प्रत्येक कानोल्यामागे बजावत राहिले.

दुपारी मी अक्काला गाठलं होतं. ती आणि मी स्वयंपाकघराच्या दाराशी शेंगा सोलत होतो. मी म्हटलं, "अक्का, तुले ठाऊक नव्हतं का वं? तू तर आमच्यातच वाढली."

"ठाऊक नाही कसं?" ती म्हणाली. "वाटलं होतं मले, लवकर होऊन राह्यलं म्हनून."

"मंग बोलली काहून नाही?"

अक्कानं एक दाणा तोंडात टाकला. "रुथे, माहेरची गाडी जुंपून दारात उभी होती. जुंपल्या गाडीले कोनती पोरगी 'थांबा, तारीख पाहू' म्हनीन?" आणि ती अशी हसली, की माझ्या हातातल्या शेंगा सांडल्या. मग लगेच तिचे डोळे भरले. "पन आता पंचवीसले मी तिथंच. तुमचं भजन चालू असन अन् मी सरीत वाकलेली. मले घंटा आयकू येईन का वं इतक्या दूर?"

हे तिनं मला नव्हे, स्वतःलाच विचारलं होतं. ते आईनं ऐकलं, चुलीपाशी.

निघायच्या सकाळी धुकं होतं. बैल जुंपले, शिदोरी बांधली. आई शिदोरीची गाठ पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. बाबा भाऊजींच्या कोटाचं एकेक बटण अंगावरच लावत होते, उगाच सावकाश. अक्का गाडीत बसली. भाऊजी धुरेवर चढले. आणि मग आई पुढे झाली. पदर सारखा केला आणि अगदी सरळ तोंडानं म्हणाली,

"जवाईबापू, इहीनबाईले माहा निरोप सांगजा. म्हना, आमच्यात पहिल्या साली नाताळ दोन असतेत. एक लेकीजवायाचा, तो झाला. त्यायनं बरोबर पाठोलं, माहा नमस्कार सांगा. दुसरा इहिणीचा. तो पंचवीसले. त्याले खुद्द इहीनबाईलेच या लागते, अन् इहीन एकली येत नसते, सुनेले संगं घेऊन येते. अशी रीत हाय."

बाबांच्या हातातून बटण पडलं. भिंतीवरून चाची म्हणाली, "हाँ हाँ, ऐसीच रीत है. हमने देखी." पाळकसाहेब निरोप द्यायला आले होते, ते मफलर खाली करून कुजबुजले, "बाई, हे कोनत्या शास्त्रात?"

"इहिणीच्या शास्त्रात," आई म्हणाली.

भाऊजी पाठ केल्यासारखं पुटपुटले, "लेकीजवायाचा झाला. इहिणीचा राह्यला." मग त्यांना समजलं. तो लांब चेहरा एकदम उजळला, त्यांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि त्या दिवशीचं तिसरं वाक्य बोलले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तीन! "सांगतो, असंच्या असं सांगतो."

गाडी गेली. त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसतं रस्त्याकडे पाहणं. आई नवा रवा भिजवून पुन्हा कानोले करायला बसली. बाबा म्हणाले, "कापूस फुटला असतानी इहीनबाई वावर सोडून येतीन होय? हे कोन खाईन?" आई म्हणाली, "तुमी आपलं शिवा." बाबांनी खरंच शिवलं. इहीणबाईंसाठी पोलकं, माप न घेता, लग्नात पाहिलं होतं तेवढ्यावर. बाबांचा एक विश्वास होता, कपडा शिवून घडी घालून ठेवला की ज्याचा त्याचा माणूस येतोच. ताऱ्याची उरलेली टोकं झाली. भिंतीची उरलेली बाजू झाली. भजनाची फेरी घराघरांतून निघाली, गूळ-मुरमुरे मिळाले, चाचीनं सगळ्यांना आल्याचा चहा पाजला. सगळं असायचं तसंच होत होतं, आणि आई मात्र मध्येच हात थांबवून घुंगरू ऐकायची. दर वेळी दुसऱ्याच कुणाचे निघायचे.

पंचवीसची सकाळ. रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडली, टण टण. आम्ही नवे कपडे घालून देवळात. माझ्या पोलक्याचा एक काज शिवायचं राहिलंच होतं, घरचं गिऱ्हाईक ना मी. आई दाराजवळ बसली, शेजारी दोन जागा राखून. कोणी बसायला आलं की पदर पसरायची. पहिलं गीत झालं. वाचन झालं. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले, मेंढपाळांच्या थंडीबद्दल फार मनापासून सांगत होते. आईनं हळूच पदर आवरून घेतला. मी पाहिलं ते. तिनं जागा सोडून दिली.

आणि घुंगरू वाजले.

असे वाजले, की पाळकसाहेबही थांबले. बाहेरून खणखणीत आवाज आला, "हळू उतर वं! चाकाखाली जाशीन! अन् ते गाठोडं धर, माहं डोकं काय पाहतं?" देवळातली सगळी डोकी दाराकडे वळली. पाळकसाहेबांनी शहाणपण केलं, तिथंच "आमेन" म्हणून टाकलं.

इहीणबाई आत आल्या. पायाला धूळ, पदराला कापसाची बोंडं अडकलेली, मागे अक्का, आणि सगळ्यात मागे भाऊजी, नव्या कोटात. त्या थेट आईजवळ येऊन बसल्या, गाठोडं मध्ये ठेवलं. अक्का आईच्या दुसऱ्या बाजूला. आईनं तिचा हात पदराखाली घेतला आणि पुढच्या सगळ्या गीतांत ती एका हातानंच टाळी वाजवत होती, मांडीवर.

गाठोड्यात कापूस होता, पहिल्या वेचणीचा, मऊ, पांढराशुभ्र. पोरांनी गव्हाण मांडली होती, त्यात बाळ येशू. कोणीतरी म्हणालं, गव्हाणीत घालू या. इहीणबाई म्हणाल्या, "गव्हानीत कायले? त्यायले गवत चाललं तवाच. माह्या सुनेची मान दुखते रातच्याले, तिच्या उशीत भरा." तो कापूस चाचांनी त्याच दुपारी पिंजून दिला, सणासुदीचं म्हणून हसत हसत.

जेवायला पंगत बसली. नवं पोलकं इहीणबाईंनी घातलं होतं, दंडाला जरा घट्टच झालं होतं, हात वर केला की बाबा डोळे मिटून घेत. आई वाढत होती. इहीणबाईंनी एक कानोला मोडला, अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "इहीनबाई, एक इचारू?"

"इचारा ना."

"हा जो इहिणीचा नाताळ हाय, हा किती पिढ्यांपासून हाय तुमच्यात?"

अक्काचा घास हातातच राहिला. आईनं पळी भांड्यात ठेवली, मान वर केली नाही. "यंदापासून," ती म्हणाली.

इहीणबाईंनी उरलेला अर्धा कानोला ताटात ठेवला. आणि मग अशा हसल्या, अशा हसल्या, की पोलक्याची शिवण दंडावर टर्रकन उसवली. बाबांच्या हाताची शिवण उसवल्याची ती पहिलीच वेळ, आणि बाबा त्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. जावयासमोर! डोळे पुसत इहीणबाई म्हणाल्या, "मंग आता मोडू नका रीत. पुढच्या साली बी ठेवजा. मले बाप्पा तारीख-बिरीख समजत नाही. मी आपली दत्तजयंतीलेच पोरीले पाठवीन. अन् पंचवीसले मी येईन, हिले घेऊन."

आणि पाठवली, मीनल. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. तारखा त्यांना चांगल्या समजायला लागल्या होत्या, बैलांच्या बाजाराच्या तारखा तर तोंडपाठ. पण दर दत्तजयंतीला गाडी यायची. एखाद्या साली अधिक महिना पडला की दत्तजयंती नाताळ उलटून जानेवारीत जायची. तरी गाडी यायची, आणि आई बिनतक्रार पुन्हा तळायला बसायची. माहेरी वर्षातून दोन नाताळ असलेली अख्ख्या वऱ्हाडात एकटी लेक होती तुझी आजी. म्हातारपणीसुद्धा ती हे सांगताना तोंडावर पदर घ्यायची, सासूबाई अजून ऐकत असल्यासारखी.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दिवसभर आम्ही काय करायचो? वाट पाहायचो बाई. तळत, शिवत, पिंजत, सारवत वाट पाहायचो. आणि माणूस आलं की तो नाताळ. तारीख कोणतीही असो.

माझे हात आता कानोल्याची कड कापताना थरथरतात, पण कडा सुबक नसल्या तरी आतलं खोबरं तेच आहे. तू येशील त्या दिवशी मी चूल पेटवीन. पुनव असो, पंचवीस असो, नाहीतर नुसता बुधवार असो, त्याला काहीतरी रीत काढून ठेवीन, आईनं काढली तशी. फक्त जास्त उशीर करू नकोस. शेतात हरभरा घाट्यावर आलाय; तो वाळायच्या आत येजो.